साडेसातशे मीटर पाणी

रविवारी सीझनची पहिली ट्रायथलॉन करून आले, चार दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून आज शाळा सुटल्यावर घरी न जाता इथंच वर्गात बसून लिहायलेय. लांब होणार आहे, पण ज्यांना लेकरं आहेत आणि ज्यांच्या शेतात विहीर नाहीतर शेततळं आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

ट्रायथलॉन म्हणलं की आपल्याकडं लोकांना मिलिंद सोमण आठवतात. २०१५ ला पन्नाशीच्या तोंडावर त्यांनी झ्युरिकला आयर्नमॅन पूर्ण केली, तेव्हापासून सगळ्यांना वाटतं ट्रायथलॉन म्हणजे तेवढंच, ३.८ किलोमीटर पोहा, १८० सायकल चालवा आणि वरून ४२.२ पळा. तसं नसतं. मी केली ती स्प्रिंट, ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी पळणं. नोकरी करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या माणसाला जमण्यासारखी आहे. आपल्याकडं पावसाळा संपला, तलाव भरले की सीझन सुरू होतो. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तलावावर आसपासच्या सायकलिंग आणि रनिंगवाल्या ग्रुपनी मिळून ही ठेवली होती, मोठी बक्षिसं नाहीत, मोठा मंडप नाही, पण पाण्यात आणि रस्त्यावर बंदोबस्त एकदम चोख होता.

शनिवारी संध्याकाळी लातूरहून निघालो, आमचे हे गाडी चालवत होते, सायकल मागं बांधलेली. दसरा होऊन गेलेला, पौर्णिमा दोन दिवसांवर, रस्त्यानं तुळजापूरला पायी जाणारी माणसं. अनवाणी बाया, खांद्यावर लेकरू, हातात पिशवी, चाललेत. मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी वाटतं की दम आपल्या माणसाला शिकवावा लागत नाही. सकाळी पाच वाजता लातूरच्या कुठल्याही रस्त्याला या, पोलीस भरतीची पोरं-पोरी पळत असतात, पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००. आपल्या मराठवाड्यातलाच, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ ला कॉमनवेल्थचं रौप्य घेऊन आला, पॅरिस ऑलिम्पिकची फायनल पळला. पायाची ताकद आपल्याकडं आहेच.

पण पाणी?

सकाळी सात वाजता आम्ही बावीस जण काठावर उभे होतो, त्यात पाच बायका. पाणी चहासारखं, पावसाचा गाळ अजून खाली बसलेला नाही. शहरातल्या पूलमध्ये तळाला काळी रेघ असते, ती बघत बघत माणूस सरळ जातो, इथं स्वतःचा हात कोपरापासून पुढं दिसत नव्हता. माझी तयारीही पुरेशी नव्हती हे सरळ सांगते. मी जिथं जाते त्या पूलला बायकांची बॅच एकच, दुपारी एक तास, ती पण शाळेच्या वेळेत, म्हणजे मला रविवारच मिळतो, त्यात पावसाळ्यात दोनदा दुरुस्तीसाठी बंद. जुलैपासून मोजून अकरा वेळा पाण्यात उतरले होते. २५ मीटरचे तीस लॅप एकोणीस मिनिटांत व्हायचे, म्हणून वाटलं होतं की वीस मिनिटांत निघू बाहेर.

शिट्टी वाजली, सगळे एकदम उतरले, कुणाचा पाय माझ्या खांद्याला लागला, कुणाचा हात पाठीवर, गॉगलमध्ये थोडं पाणी गेलं आणि पहिला केशरी बोया, म्हणजे पाण्यातली तरंगती खूण, यायच्या आत माझा श्वास गेला. म्हणजे अक्षरशः वाटलं की छातीवर कुणी बसलंय. मुद्दाम सविस्तर लिहायलेय कारण हे सगळ्यांना कळलं पाहिजे. अशा वेळी माणूस तोंड वर काढून हवा आत ओढत राहतो, ओढत राहतो, आणि पाण्यात तोंड असताना सोडायची ती हवा सोडतच नाही, मग कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि अजूनच गुदमरल्यासारखं होतं. फुफ्फुसं भरलेली असतात आणि डोकं म्हणतं हवा पाहिजे. ट्रायथलॉनमध्ये जगभरात जे जीव गेलेत त्यातले बहुतेक पोहतानाच गेलेत, सायकलवर किंवा पळताना नाही. हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं त्या क्षणाला एक अक्षर आठवत नाही.

मला आठवले ते आमचे नाना. मी दुसरी-तिसरीत असताना आमच्या शेतातल्या विहिरीत नानांनी मला आणि भावाला पोहायला शिकवलं, पाठीला पत्र्याचा हवाबंद डबा दोरीनं बांधून. गावात लोक म्हणायचे पोरीला कशाला, पोराला शिकवा. नाना म्हणायचे, "इहिरीवर पाण्याला कोण जातंय? पोरगीच ना? मग पडली तर कोण पडंल?" आणि डबा सोडायच्या आधी त्यांनी हात मारायला शिकवलं नव्हतं, आधी उताणं पडायला शिकवलं होतं. कान पाण्यात, पोट वर, हात पसरलेले, नजर आभाळाकडं. "पाण्याशी भांडू नको माय, ते तुला उचलतंय, उचलू दे त्याला."

तेहतीस वर्षांनी मी त्या तलावात उताणी पडले. आभाळ दिसलं. कानात पाणी गेल्यावर बाकीचा सगळा आवाज बंद झाला, स्वतःचाच श्वास ऐकू यायला लागला, मग मी फक्त सोडत राहिले, लांब, तोंडानं. पाचसहा श्वासांत छाती मोकळी झाली. तेवढ्यात त्या तलावात मासेमारी करणारा एक पोरगा थर्माकोलच्या तराफ्यावरून जवळ आला, सुरक्षेसाठी ठेवलेल्यांपैकीच तो, म्हणला ताई धरा इथं, घाई नाही. नियमात ते चालतं, धरून थांबलं तरी बाद होत नाही, फक्त त्यानं ओढून पुढं न्यायचं नसतं. मी अर्धा मिनिट धरलं, त्याला थँक्यू म्हणलं आणि ब्रेस्टस्ट्रोकनं निघाले, दर आठ-दहा हातांनी मान वर काढून बोया बघत. सत्तावीस मिनिटं लागली. पाण्यातून बाहेर आले तेव्हा मागं एकच जण होता.

सायकल आणि पळण्याचं थोडक्यात सांगते. पाय गाळानं माखलेले, ते पुसून मोजे घालण्यातच दोन मिनिटं गेली, पुढच्या वेळी छोटी पाण्याची बाटली आणि जुना टॉवेल सायकलच्या रॅकपाशी ठेवणार. हेल्मेटचा बक्कल लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नसतो हे नवीन लोकांनी पाठच करा, एकाला त्यावरून थांबवलं. रस्ता चांगला, पण सोयाबीनची काढणी चालू असल्यानं तीन ठिकाणी अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं. दाणे चाकाखाली आले की सायकल बॉलबेअरिंगवर आल्यासारखी घसरते. पण माणसांनी कडंला बसून आम्हाला हात करून वाट दाखवली, एका आजीनं तर आम्ही येताना दिसलो की खराट्यानं दाणे आत ओढून घेतले. येताना वारं समोरून. ४६ मिनिटं झाली. नंतर पळताना पहिला किलोमीटर मांड्या दगड झाल्या होत्या, सायकलवरून उतरून लगेच पळायची प्रॅक्टिस मी फक्त तीनदा केली होती ते तिथं कळलं, नऊ वाजता ऊन तापायला लागलं, पण पूर्ण केलं. एकूण १ तास ५२ मिनिटं. मला पहिल्या रेसचं महत्त्व यातच वाटतं, आता पुढच्या रेसपर्यंत नेमकं कशावर काम करायचं ते समोर आलं, कुणी सांगायची गरज उरली नाही.

आता खरी गोष्ट. त्याच दिवशी ड्युएथलॉन पण होती, म्हणजे पोहणं नाही, पळणं-सायकल-पळणं. तिथं गर्दी आमच्या दुपटीपेक्षा जास्त. आणि त्यात भरतीची तयारी करणाऱ्या पोरी, काय पळत होत्या! एकीनं मला शेवटच्या दोन किलोमीटरला असं मागं टाकलं की मी नुसती बघत राहिले. नंतर पोहे खाताना तिला विचारलं, तू ट्रायथलॉनला कामून नाही आलीस ग? म्हणली, "मॅडम, पाणी बघितलं की पोटात गोळा येतंय. आमच्या इहिरीला त्या टायमाला पाणीच नव्हतं."

त्या टायमाला म्हणजे २०१६. ती पाचवीत होती. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष, मांजरा धरण कोरडं पडलेलं. २०१२ चा दुष्काळ, मग १४-१५, मग १६ चा तो उन्हाळा. ज्या वयात लेकरं विहिरीत मुटके मारतात, सूर मारतात, मोठ्या भावाच्या जिवावर पोहायला शिकतात, त्या वयात यांच्या विहिरीचा तळ दिसत होता. दुष्काळानं पिकं नेली, जनावरं दावणीतून सोडायला लावली, माणसं नेली, हे सगळं बोललं गेलं आणि बोललं जायलाच पाहिजे. पण एका अख्ख्या पिढीचं पोहणं पण त्यात गेलं, हे मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. सोमवारी वर्गात आठवीला विचारलं, पोहायला कुणाकुणाला येतं? पोरांतले चौघं-पाचजण. मुलींमधून एक हात वर नाही. कारण ज्यांनी शिकवायचं त्या मोठ्या भावा-बहिणींनाच येत नाही, साखळी तिथं तुटली.

आणि त्याच २०१६ पासून आपल्या शिवारात काय वाढलं? शेततळी. मागेल त्याला शेततळे योजना त्याच वर्षी आली. मी त्या विरोधात नाही, आमच्याच चुलत्यांची मोसंबी शेततळ्यावर तगली. पण शेततळ्याचा काठ उताराचा असतो, आतून प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ आलं की पाय ठरत नाही आणि बोटाला धरायला काही नाही. विहिरीला दगड असतो, कपार असते, पायरी असते. शेततळ्यात चांगला पोहणारा माणूस सुद्धा बाहेर येऊ शकत नाही, मग न येणाऱ्याचं काय. दर उन्हाळ्यात पेपरात बातमी येते, दोन लेकरं, तीन लेकरं, एकाला वाचवायला दुसरं उतरलं. आपण वाचतो, हळहळतो, पान उलटतो. म्हणजे पोहता येणारी माणसं कमी होत गेली आणि बुडायच्या जागा वाढत गेल्या, आणि दोन्ही एकाच दुष्काळामुळं. मला ह्याचा फार त्रास होतो. २०२५ च्या सप्टेंबरात तर आपल्याकडं गावंच्या गावं पाण्यात गेली, माणसं घरावर जाऊन बसली. पुराच्या धारेत पोहण्यानं वाचता येतं असं मी म्हणणार नाही, तिथं पट्टीचा पोहणारा पण जातो. पण पाण्याला पाहून हातपाय गळणं वेगळं आणि डोकं शांत ठेवून उताणं पडणं वेगळं.

माझ्या सासूबाई परवा म्हणल्या, "या वयात पाण्यात जाऊन काय करूलालीस माय, एखादा दिवस..." मी त्यांना एवढंच सांगितलं की आत्या, पोहता येत होतं म्हणून परत आले. त्या गप्प झाल्या आणि मग म्हणल्या, आमच्या बहिणीची पोरगी हौदात गेली होती, चार वर्षांची. पंधरा वर्षं मी या घरात आहे, मला हे माहीत नव्हतं.

काही जण म्हणतील पोहायचा कपडा, पोरी मोठ्या झालेल्या, लोक काय म्हणतील. सलवार-कुर्त्यावर तरंगता येतं, ओढणी तेवढी काढून ठेवायची. पडायची वेळ आलीच तर पोरगी त्याच कपड्यात पडणार आहे, त्यामुळं त्याच कपड्यात शिकलेलं उलट बरं. काही म्हणतील पूल नाही. बरोबर आहे, तालुक्याला नाही, आणि जिथं आहे तिथं बायकांना एक तास. त्यासाठी भांडत राहायचंच, मी अर्ज दिलेला आहे, परत देणार आहे. पण तोवर लेकरांचं वय थांबत नाही. शेततळं ज्यांचं आहे त्यांनी एवढं तरी करा, चारी बाजूंनी खुंट्या ठोकून गाठी मारलेला जाड दोर आत सोडून ठेवा, आणि हवा भरलेली ट्रॅक्टरची जुनी ट्यूब काठाला बांधून ठेवा. फार खर्चाचं काम नाही, एका दुपारचं आहे. आणि कुणी बुडताना दिसलं तर उडी नाही मारायची, दोर नाहीतर ट्यूब फेकायची, हे लेकरांकडून वदवून घ्या.

नानांना काल फोन केला, सगळं सांगितलं, तराफ्याचं पण. ते म्हणले विहीर यंदा पाचव्या पायरीपर्यंत भरलीय, झाडून घेतो. तर दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज झाल्यावर आठ दिवस, रोज सकाळी आठ ते दहा, आमच्या विहिरीवर मुलींना शिकवणार आहे. एका वेळी चारच जणी पाण्यात, वर भाऊ आणि नाना दोर धरून. वय आठच्या पुढं, सोबत आई, मावशी, आत्या कुणीतरी बाईमाणूस पाहिजेच, आणि त्यांना स्वतःला उतरायचं असेल तर त्यांनीही कपड्यांचा एक जोड जास्तीचा आणायचा. पैसे नाहीत. डबे मी जमवायलेय, कुणाकडं घट्ट झाकणाचे पाच लिटरचे रिकामे डबे असतील तर शाळेत पाठवून द्या. ज्यांना यायचंय त्यांनी इनबॉक्सला मुलीचं नाव आणि वय टाका, गाव आणि वाट मी कळवते.