आरपार दगड

गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण झालं, आणि काडी मीच लावली. बार्शीकडच्या आमच्या गावातलं दगडी माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर पाडून स्लॅब टाकायचं अण्णांनी, म्हणजे थोरल्या चुलतभावानं, ठरवलं. मी इथून, इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सजवळून, शेजारच्या शेतघराचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'बघा, इथं अठराव्या शतकातली घरं कशी जपतात.' अण्णांचं एका ओळीत उत्तर आलं: 'त्र्याण्णवच्या सप्टेंबरात तू कुठं होतास?'

पुण्यात होतो, होस्टेलवर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणपती बोळवून माणसं नुकतीच आडवी झालेली असताना, किल्लारी आणि भोवतालची गावं जमीनदोस्त झाली. आमच्याकडं भिंती नुसत्या हलल्या, तरी घरचे कितीतरी रात्री अंगणात झोपले. ५२ गावं दुसरीकडं नव्यानं वसवावी लागली. माणसं भूकंपानं मेली म्हणतात. खरं तर मारलं ते दगडमातीच्या भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्यानं. परदेशातून 'वारसा जपा' म्हणणाऱ्या आम्हा लोकांच्या ध्यानात हे राहत नाही. माझ्याही राहिलं नव्हतं.

फोटोतल्या घराला इथं लेथ-हाउस म्हणतात. लेथ म्हणजे वैरणीचं कोठार. शब्द मूळचा नॉर्स लोकांचा. घर आणि कोठार एका ओळीत, एकाच आढ्याखाली. एका टोकाला राहती खोली आणि वर दगडी उभ्या पट्ट्यांनी विभागलेल्या खिडक्यांची रांग. एवढ्या खिडक्या हौसेपायी नव्हेत, आत हातमाग असायचा त्याला उजेड हवा म्हणून. चार गाई आणि एक माग, यावर कुटुंब चालायचं. विणलेलं कापड बाजारात जायचं. त्याच व्यापारासाठी १७७९ साली हॅलिफॅक्समध्ये पीस हॉल उघडला. तीनशेच्या वर खोल्यांची ती पेठ आजही उभी आहे.

घराच्या दुसऱ्या टोकाला मोठी कमान, गवतानं भरलेली गाडी सरळ आत शिरेल एवढी. कमानीसमोर मागच्या भिंतीत दुसरं दार, म्हणजे मळणीनंतर दोन्ही उघडली की धान्य उपणायला वारा मिळतो. कमानीच्या बाजूला गाईंचं बुटकं दार. त्या भागाला इथले म्हातारे मिस्टल म्हणतात. गाई खाली, गवत वर माळ्यावर. एक फरक मात्र लगेच जाणवतो: घरातून गोठ्यात जायला सहसा आतून दार नसतं. आमच्याकडं बैल आणि पाहुणे एकाच दारानं आत यायचे. उजवीकडं दावण, डावीकडं दोन पायऱ्या चढून सोपा. रात्री गव्हाणीत बैलानं मान हलवली की घुंगरांचा आवाज माजघरापर्यंत यायचा.

भांडणानंतर आठवड्यानं त्या घराकडं गेलो, तर गवंडी कमानीजवळची भिंत दुरुस्त करत होता. आधी कुणीतरी सांधे सिमेंटनं भरले होते. ते छिन्नीनं काढून तो चुना भरत होता. सिमेंटमुळं पाणी दगडातच अडकतं आणि थंडीत गोठलं की दगडाचे पापुद्रे सुटतात. एक कोपरा उघडा होता, तिथं भिंतीचं पोट दिसलं. बाहेरचा थर, आतला थर, मधे चिपांची भर. आणि मधूनमधून एक लांब दगड या तोंडापासून त्या तोंडापर्यंत. गवंड्यानं त्यावर थाप मारली आणि म्हणाला, 'थ्रू.'

आरपार जाणारा दगड. किल्लारीच्या भिंतींत हाच नव्हता. दोन थर, मधे माती, त्यांना बांधून ठेवणारं काही नाही. वर माळवद गळू नये म्हणून वर्षानुवर्षं टाकलेली पांढरी माती. जमीन हलली तसे दोन्ही थर सुटे झाले आणि ते ओझं खाली आलं. आता, इथल्या भिंतीला फार मान द्यायचंही कारण नाही. इथली जमीन तशी हलतच नाही, मग परीक्षा कोण घेणार?

इथल्या 'जपण्या'चंही थोडं सांगायला हवं. हे घर संरक्षित इमारतींच्या सरकारी यादीत, ग्रेड दोनमध्ये आहे. परवानगीशिवाय त्याचं रूप बिघडेल असं काही बदललं तर तो फौजदारी गुन्हा. छपराला हात लावायच्या आधी वटवाघळं आहेत का हे बघायला माणूस बोलवावा लागतो. आणि सरकारचं प्रेम असं, की नवं घर बांधलं तर व्हॅट शून्य, जुनं दुरुस्त केलं तर २० टक्के. यादीतल्या इमारतींच्या मंजूर फेरबदलांना सवलत होती, तीही २०१२ मध्ये काढून घेतली. कमानीत आता काच आहे आणि काचेमागं स्वयंपाकघराचा संगमरवरी ओटा. मिस्टलमध्ये धुण्याचं मशीन. गाय कुठंच नाही. अण्णांच्या दावणीला अजून दोन बैल आणि एक म्हैस आहे.

म्हणून मी माझं म्हणणं बदललं, पण सोडलं नाही. 'पाडा' आणि 'जपा' हे दोन्ही शब्द भिंत उघडून न बघताच बोलले जातात. पुण्यातल्या वाड्यांवरून होणारे वादही मला बरेचदा तसेच वाटतात: एकीकडं एफएसआय, म्हणजे जागेवर किती बांधकाम करता येईल त्याचं गणित, दुसरीकडं आठवणी. अण्णांना लिहिलं, गव्हाणीमागची हातभर भिंत उकलून बघा. आरपार दगड असले तर माळवदाची माती उतरवून वर हलकं छप्पर टाकू. नसले तर ठरावीक अंतरावर भोकं पाडून, गज घालून, काँक्रीट भरून थर जोडता येतात. भूकंपानंतर अभियंत्यांनी हाच उपाय सांगितला होता. त्याचा निम्मा खर्च माझा. आणि भिंत नुसतीच मातीवर तोललेली, फुगलेली निघाली तर पाडा, माझी हरकत नाही.

दोन दिवस निळी खूण होऊनही उत्तर नव्हतं. मग आलं: 'तिथं कडबा रचलाय. दिवाळीनंतर बघू. आणि निम्मा न्हाई, सगळा खर्च तुझा.'