हा बीट कोणाचा, ते सांगा आधी!

काल गाडीत अमेरिकन रॅपर नासचं ‘एन. वाय. स्टेट ऑफ माइंड’ लागलं होतं. शेजारी बसलेल्या आमच्या सोळा वर्षांच्या चिरंजीवांनी आयुष्यात पहिल्यांदा बापाच्या गाण्यात रस दाखवला. “बाबा, बीट कोणाचा आहे?” म्हणजे रॅपच्या खाली वाजणारं संगीत कोणी बनवलं. मी छाती फुगवून म्हटलं, डीजे प्रीमियर. त्याने फोन हातात घेतला, तीन टिंबं दाबली, खाली सरकवलं आणि मला सांगतो, “नाही बाबा, इथे सी. मार्टिन लिहिलंय.”

अरे तोच तो! क्रिस्टोफर मार्टिन म्हणजेच प्रीमियर! “मग तसं का नाही लिहिलं?” आता याला काय उत्तर देऊ? आणि पुढे, “बाबा, 2014 चं आहे ना? तुम्ही तर जुनं म्हणता.” 2014! वीस वर्षांनी आवृत्ती पुन्हा काढली म्हणून हे गाणं ज्या अल्बममधलं, तो ‘इलमॅटिक’ 2014 चा झाला. एप्रिल 1994, गाढवांनो! म्हणजे पोरगं माझं ऐकेल अशी जी काही आशा होती, ती गाण्यांच्या एका अ‍ॅपने दोन मिनिटांत मातीत घातली. त्यात दर महिन्याला पैसे भरतो मी. वरून शिव्यांच्या जागी गपकन आवाज बंद करणारी सोवळी आवृत्ती आपोआप लागते ती वेगळीच. ती बदलायची कुठे, हे शोधताना माझी एक्झिट चुकली.

मला राग अज्ञानाचा नाही येत, बेफिकिरीचा येतो. माहिती या अ‍ॅपवाल्यांकडे असते. पण छापायला जागा नाही म्हणे! फोनच्या पडद्यावर जाहिरातीला जागा आहे.

मी 1993 च्या ऑगस्टमध्ये एमएसला न्यू जर्सीत आलो. खिशात मोजके डॉलर, डोक्यात काहीच नाही. जर्नल स्क्वेअर स्टेशनावर पाथ नावाची लोकल ट्रेन पकडायच्या आधी पेपरवाल्याकडे ‘द सोर्स’ हे हिप-हॉपचं मासिक दिसायचं. दुपारचं जेवण की मासिक, असा सरळ सवाल. महिन्यातून एक दिवस मी उपाशी राहायचो. गाडीत बसलं की आधी परीक्षणांची पानं. प्रत्येक अल्बमला गुण म्हणून माइक मिळायचे, एक ते पाच. पाच म्हणजे देव पावला. आणि ते सहजासहजी मिळत नसत, हीच तर मजा. ‘इलमॅटिक’ला पाच दिले ते मिन्या ओ नावाच्या मुलीने, ‘शॉर्टी’ या टोपणनावाने. नासचा पहिलाच अल्बम, पोरगा वीस वर्षांचा! ते वाचून मी ती कॅसेट घेतली. डबीतला घडीचा कागद, म्हणजे इनले, उलगडला की मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत सगळं असायचं: हा बीट लार्ज प्रोफेसरचा, हा पीट रॉकचा, हा क्यू-टिपचा. डोळे फुटायचे, पण कळायचं.

आणि मासिकातलं ते ‘अनसाइन्ड हाइप’ सदर! ज्यांच्याशी कुठल्याही कंपनीने करार केलेला नाही अशांच्या डेमो टेप ऐकून, त्यातला एक निवडून छापायचे. पुढे गाजलेला रॅपर बिगी, म्हणजे नोटोरियस बी.आय.जी., त्याचं नाव त्यांनी 1992 मध्येच छापलं होतं, त्याचा अल्बम यायच्या अडीच वर्षं आधी. कुणीतरी बसून, कान देऊन ऐकलं होतं हो.

बीट बनवायचं एसपी-1200 नावाचं यंत्र मी मासिकांतूनच ओळखलं. त्यात रेकॉर्डवरून उचललेले जेमतेम दहा सेकंदांचे तुकडे मावायचे. मग ही बीट बनवणारी मंडळी मिनिटाला 33 फेऱ्यांची रेकॉर्ड 45 वर पळवून आत घ्यायची आणि यंत्रात पुन्हा हळू करायची. तेवढ्याच जागेत जास्त आवाज बसायचा, शिवाय त्याला एक खरखरीत पोत यायचा. आमच्या आया तांदळाचा डबा ठोकून ठोकून भरतात ना, तसं. हे माहीत असलं की गाणं वेगळंच ऐकू येतं. आता पोराला हे कोण सांगणार? सी. मार्टिन?

नाही, ते मासिकही काही धुतल्या तांदळाचं नव्हतं. हार्वर्डच्या दोन पोरांनी 1988 मध्ये रेडिओ कार्यक्रमाचं पत्रक म्हणून सुरू केलेलं. त्यातल्या एकाने, डेव्हिड मेजने, 1994 मध्ये आपल्या ओळखीच्या एका रॅप गटावरचा लेख संपादकांना न विचारता परस्पर आत घुसवला. संपादक मंडळीनी राजीनामे फेकले आणि बाहेर पडली. पण बघा, राजीनामे फेकले! आज कोण कशासाठी फेकतं? रात्री बारा वाजता अल्बम येतो आणि बारा वाजून दहा मिनिटांनी तो ‘क्लासिक’ असतो. अरे, चाळीस मिनिटांचा अल्बम दहा मिनिटांत ऐकला कसा?

बरं, सगळे अंक जपले होते मी. तीन खोकी. 2009 मध्ये घर बदललं तेव्हा आई साताऱ्याहून आली होती. तिने एकेक अंक झटकून, सारखे लावून, सुतळीने चौकोनी गठ्ठे बांधले आणि विचारलं, “इथे रद्दीवाला कधी येतो रे?” मी हसलो. येत नाही म्हटलं, आणि स्वतःच्या हाताने ते गठ्ठे रिसायकलिंगच्या निळ्या डब्याशेजारी ठेवून आलो. स्वतःच्या हाताने! सगळं आता इंटरनेटवर मिळतं म्हणे. हे माझेच शब्द.

आता ‘इलमॅटिक’च्या परीक्षणाच्या त्या एका अंकाला लोक जे पैसे मागतात त्यात आमचा महिन्याचा किराणा येतो. तरी कालच्या रागात, पोराला दाखवायचंच म्हणून, नंतर पीट रॉकची मुलाखत असलेला दुसराच एक स्वस्तातला अंक शोधायला बसलो. तसाच एक मागच्या वर्षी मागवला होता. ‘उत्तम स्थिती, सर्व पाने’ असं लिहिलेलं. पाकीट फोडलं तर मधलं पान गायब. कात्रीने, अगदी कडेकडेने, सरळ रेषेत कापलेलं.

विकणाऱ्याला शिव्या घालणारं पत्र लिहायला घेतलं होतं. मग आठवलं, माझ्या पहिल्या खोलीत पलंगाच्या वरच्या भिंतीवर अशीच सात पानं चिकटवलेली होती. घर सोडताना ती भिंतीवरच राहिली, आणि डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले ते वेगळेच.