प्रकाश पोचेल तिथपर्यंतच

'जिवाणूंमुळे होणाऱ्या त्वचेच्या कुठल्याही संसर्गात आता अँटिबायोटिकऐवजी प्रकाशोपचार पुरे' हे प्रकाशोपचारावरच्या लेखातलं वाक्य मला धोकादायक वाटलं. या उपचारात त्वचेला लावलेल्या औषधावर प्रकाश पडून तयार होणारा क्रियाशील ऑक्सिजन जिवाणू मारतो, हे खरं. पण निळा प्रकाश त्वचेत जेमतेम मिलिमीटरभर शिरतो, लाल काही मिलिमीटर. मुरुमांना, वरवरच्या जखमेला तेवढं चालेल. सेल्युलायटिस या जिवाणूंच्या आजारात मात्र संसर्ग त्वचेखालच्या चरबीपर्यंत उतरलेला असतो. माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि त्यांना हेच झालं होतं. त्यांच्या पोटरीवरच्या लालीभोवती डॉक्टरांनी सकाळी पेनाने रेघ मारली होती. संध्याकाळी लाली रेघेबाहेर चार बोटं सरकलेली आणि अंगात हुडहुडी भरून ताप. अशा पेशंटला शिरेतून अँटिबायोटिकच लागतं, तेही ताबडतोब. लेख वाचून कुणी 'आधी लाइट घेऊन बघू' म्हणत दोन दिवस घालवले तर पायावर बेतू शकतं, कधी जिवावरही.

जिवाणू या उपचाराला सहजी दाद देईनासे होत नाहीत, हा मुद्दा मात्र फार छान मांडलाय. मारा जिवाणूच्या आवरणावर, प्रथिनांवर, डीएनएवर एकदमच होतो, त्यामुळे पळवाट काढणं त्यांना अवघड जातं. पण मुरुमांसाठी ॲमिनोलेव्ह्युलिनिक ॲसिड हे या उपचारातलं औषध लावलं तर त्यानंतर साधारण ४८ तास ऊन टाळावं लागतं आणि आपल्या सावळ्या त्वचेवर काळे डाग राहू शकतात, हे लेखात यायलाच हवं होतं. शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्या माणसाने हे आधी कळल्याशिवाय होकार कसा द्यायचा?