पिशवी फुंकू नका, गाडीही टाळू नका

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक मेसेज आला, तासाभरात तोच ऑफिसच्या ग्रुपवरही. म्हणे, पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणारी भीतीची लाट, हे नुसते मनाचे खेळ. धडधड सुरू झाली की कागदी पिशवीत श्वास घ्या. जिथे त्रास झाला तिथे पुन्हा जाऊ नका. आणि गोळ्या नकोच, त्या आयुष्यभर सुटत नाहीत. पाठवणाऱ्या काकूंच्या मनात माया आहे हे मला माहीत आहे, म्हणून तिथे गप्प बसलो. इथे लिहितो.

मनाचे खेळ असतील, पण खेळतं शरीर. ॲड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, आपण भरभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. 'आता पडणार' असं वाटतं, पण तेव्हा रक्तदाब सहसा चढलेला असतो, त्यामुळे माणूस क्वचितच पडतो. ही लाट साधारण १० मिनिटांत शिगेला पोचते आणि मग ओसरू लागते.

पिशवीमागचा तर्क हाच, की सोडलेला कार्बन डायऑक्साइड परत घ्यायचा. पण दुखणं हृदयाचं किंवा दम्याचं निघालं तर? तेव्हा ऑक्सिजन कमी होणं जिवावर बेतू शकतं, आणि घरबसल्या हा फरक ओळखणार कोण? पहिल्यांदाच असं झालं, किंवा छातीतली कळ हाताकडे, जबड्याकडे गेली, तर १०८ ला फोन लावा, ईसीजी काढा. हृदय ठीक निघालं की पुढच्या खेपेला श्वास सावकाश सोडायचा, बस्स.

गोळ्यांचं म्हणणं अर्धंच खरं. अल्प्राझोलामसारख्या झटपट शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागू शकते. चिंता-नैराश्यावर रोज घ्यायच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि बंद करताना डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या. कुणाशी बोलावं कळत नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

राहिलं 'तिथे जाऊ नका'. हे मी स्वतः करून बसलोय. ठाण्याहून वाशीच्या लोकल गाडीत एकदा जीव घाबरला, ऐरोलीला उतरलो, आणि उतरताच बरं वाटलं. तिथेच फसलो. उतरलो म्हणून वाचलो, असं मेंदूने पक्कं केलं. मग गाडी सोडून बस, मग गर्दीची बसही नको, शेवटी रविवारी गावदेवीच्या बाजारात जायचं तरी पोटात गोळा. थांबलो असतो तर लाट आपोआपच ओसरली असती, पण ते बघायची संधी मीच स्वतःला दिली नाही.

समुपदेशक बाईंनी उलट लावलं: दुपारच्या रिकाम्या गाडीने फक्त ऐरोली, धडधड झाली तरी उतरायचं नाही. आठवडाभर तेवढंच. मग रबाळे, मग घणसोली. कोपरखैरणेला दोनदा माघार घेतली. वाशीला पोचायला अडीच महिने लागले, आणि त्या दिवशीही तळहाताला घाम होताच.