एमके १०८: गोफण म्हणा, पण २०० मीटरवर जाऊन म्हणा

वॉर थंडर हा युद्धाचा ऑनलाइन गेम खेळणाऱ्या मंडळींत एक मजकूर थोड्याफार फरकाने सतत फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: "जर्मनांची ३० मिमी एमके १०८ म्हणजे निव्वळ गोफण. गोळा सुटला की जमिनीकडे वळतो. शेवटी शेवटी माल संपला, म्हणून पत्रा ठोकून बनवलेली तोफ. विमानात जेमतेम ६५ गोळे, आणि लागले तरी समोरचा उडतच राहतो. हिच्याऐवजी लांब नळीची एमके १०३ बसवायला हवी होती. गेममध्ये गुपचूप २० मिमी घ्या."

बीएफ १०९ के-४ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानात मी गेममध्ये ही तोफ बरीच वापरली आहे, सुरुवातीला शिव्या घालतच. यातलं थोडं खरं आहे, म्हणूनच ते इतकं पसरतं.

सगळी कुरकुर वेगापासून सुरू होते. एमके १०८चा गोळा नळीतून साधारण ५४० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघतो, तर जर्मनांच्याच २० मिमी एमजी १५१चा स्फोटक गोळा ८०० च्या आसपास. हवेचा अडथळा बाजूला ठेवून हिशोब मांडू. ३०० मीटरवर पोचायला पहिल्याला ०.५६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो दीड मीटर खाली येतो. दुसरा ०.३८ सेकंदात पोचतो, खाली येतो सुमारे ७० सेंटिमीटर. फरक ८० सेंटिमीटरचा, आणि समोर बी-१७ हा अमेरिकन चौइंजिनी बॉम्बर असेल तर त्याचं नुसतं धडच पुरुषभर उंचीहून मोठं आहे. आता हेच १००० मीटरवर करा. एमके १०८चा गोळा जवळजवळ १७ मीटर खाली, २० मिमीचा पावणेआठ. हवेचा अडथळा धरला तर दोन्ही आकडे आणखी वाईट होतात, आणि एमके १०८चे जास्तच. म्हणजे एक किलोमीटरवरून मारणाऱ्याच्या हातात ती गोफणच आहे, याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो एक किलोमीटरवरून मारायचंच का, याबद्दल. मी एकदा वैतागून माझाच रिप्ले उघडला. "सगळे गोळे अंगावर घातले आणि काही झालं नाही" अशी माझी पक्की समजूत होती. पाहतो तर पहिला गोळा सुटला तेव्हा पुढचं विमान ७०० मीटरवर होतं. अंगावर जे चमकत होतं ते तोफेचं नव्हतंच. के-४ मध्ये तोफेबरोबर १३ मिमीच्या दोन मशीनगनही असतात, आणि दोन्ही एकाच बटणावर ठेवल्या की मशीनगनच्या वेगवान गोळ्या नेमक्या लागतात, ट्रेसर (चमकत जाणाऱ्या गोळ्या) छान दिसतात, स्क्रीनवर 'हिट' येतं. तोफेचे गोळे मात्र केव्हाच पोटाखालून निघून गेलेले असतात. त्या दिवसापासून मी तोफेला वेगळं बटण दिलं, कन्व्हर्जन्स, म्हणजे नेम जुळण्याचं अंतर, २५० मीटरवर आणला आणि व्हर्टिकल टार्गेटिंग, म्हणजे गोळा खाली येण्याची भरपाई करणारी सोय, चालू केलं. "लागले तरी उडतच राहतो" या तक्रारींपैकी किती खरोखर लागलेल्या गोळ्यांच्या असतात, याची मला तेव्हापासून शंका आहे. बाकी पिंग, म्हणजे इंटरनेटचा विलंब, वाढलं की अन्याय सगळ्यांवरच होतो, त्यात ३० मिमीचा काय दोष?

आडवं जाणाऱ्या लक्ष्याबाबत मात्र टीका रास्त आहे. ताशी ५०० किलोमीटरने समोरून आडवं जाणारं विमान ३०० मीटरवर असेल तर एमके १०८ला सुमारे ७७ मीटर पुढे नेम धरावा लागतो, २० मिमीला ५२. वळणावळणाच्या झटापटीत ब्रिटिश स्पिटफायरच्या मागे लागला असाल तर मीही २० मिमीच घेईन.

आता पत्र्याच्या मालाबद्दल. राइनमेटाल-बोर्सिगने ही तोफ स्वतःच्या हिमतीवर बनवायला घेतली ती १९४० मध्ये. तेव्हा जर्मनी घाईला आलेला नव्हता, जिंकत होता. जड बॉम्बरविरुद्धच्या तोफेची सरकारी मागणी १९४२ मध्ये निघाली. प्रेसमधून काढलेले पत्र्याचे भाग वापरले, कारण त्यामुळे तोफ हलकी, स्वस्त आणि झटपट तयार होते. मुळात तिची रचनाच अशी आहे की तिला जाड कुलूपबंद ब्रीच (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) लागत नाही. जड बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग) पुढे धावत असतानाच काडतूस पेटतं. स्फोटाच्या जोराला आधी बोल्टची पुढची धाव थांबवावी लागते, मग त्याला मागे ढकलावं लागतं. तेवढ्या वेळात गोळा आखूड नळीतून बाहेर पडलेला असतो. या युक्तीत फार ताकदीचं काडतूस चालत नाही. कमी वेग हा बनावटीतला हलगर्जीपणा नव्हता. ५८ किलोंत ३० मिमीची, मिनिटाला सुमारे ६५० गोळे सोडणारी तोफ हवी असेल तर ती किंमत होती.

एमके १०३चं उत्तरही इथेच मिळतं. तिचा गोळा ८६० मीटर प्रतिसेकंद वेगाने जातो, मान्य. पण ती १४० किलोंच्या वर, धक्का जबर, आणि मिनिटाला ४०० च्या आसपासच गोळे. मेसरश्मिट २६२ या जर्मन जेट विमानाच्या नाकात चार एमके १०८ होत्या. त्यांच्या वजनात एमके १०३ दोनसुद्धा बसत नाहीत.

६५ गोळे म्हणजे सहा सेकंदांचा मारा. ऐकायला केविलवाणं वाटतं. पण त्या गोळ्याच्या आत बघा. त्याचं कवच काडतुसाच्या पुंगळीसारखं पातळ पोलादी पत्र्यातून ओढून काढलेलं, वजन ३३० ग्रॅम, त्यात ७५ ते ८५ ग्रॅम स्फोटक. एमजी १५१च्या तशाच गोळ्यात १८ ते २० ग्रॅम. बीएफ १०९च्या नाकात एमजी १५१ असेल तर तिचे २०० गोळे मावतात. सगळेच स्फोटक आहेत असं धरलं तरी ते चार किलो होतात. इकडे ६५ गोळ्यांचे, कंजूषपणे मोजूनही, पावणेपाच किलोंच्या वर. शिवाय हे स्फोटक विमानाच्या आत शिरून एका जागी फुटतं, कप्पेच्या कप्पे फाडतं. जर्मनांचा स्वतःचा हिशोब असा, की चौइंजिनी बॉम्बर पाडायला २० मिमीचे सरासरी वीस गोळे लागतात, ३० मिमीचे चार. सरासरी चार म्हणजे कधी दोन, कधी सातही. त्यामुळे "एक गोळा, एक बॉम्बर" म्हणणारे या तोफेचे भक्तही हवेतच आहेत.

तोफ कशी वापरायची हे त्या काळच्या जर्मन पायलटांना ठाऊक होतं. एफडब्ल्यू १९० ए-८ या लढाऊ विमानाच्या चिलखती आवृत्तीत पंखांच्या बाहेरच्या बाजूला एकेक एमके १०८ आणि प्रत्येकीला ५५ गोळे असत. ही विमानं बॉम्बरच्या मागून थेट जवळ भिडायची. ७ जुलै १९४४ रोजी जर्मनीतल्या ओशर्सलेबेनच्या परिसरात अमेरिकन बी-२४ बॉम्बरना त्याचा तडाखा बसला. मेसरश्मिट २६२ला मात्र हे जमणं कठीण होतं. जेट इतक्या वेगाने जवळ यायचं की नेम धरून मारायला मोजके क्षण मिळत. म्हणून मार्च १९४५ मध्ये जोडीला आर४एम रॉकेटं आली, दोन्ही पंखांखाली मिळून चोवीस. तोफा काढल्या नाहीत, चारही जागेवरच राहिल्या.

गेममध्ये माझा ठोकताळा साधा आहे. बॉम्बरच्या शेपटीतल्या गनरच्या खिडकीची चौकट डोळ्यांना सुटी दिसेपर्यंत तोफेच्या बटणाला बोट लावत नाही. त्याआधी तो मला मारतो, हे खरं. म्हणून शेपटीमागून सरळ न जाता मी खालून, तिरका वर चढतो, आणि अर्धा सेकंद दाबतो.