पत्त्याच्या पत्त्याचा पत्ता

सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला दुसऱ्या कोणाचा तरी प्रोग्रॅम वाचताना एखाद्या नावाआधी ओळीने तीन तारका (***), म्हणजे पॉइंटरची तीन चिन्हे, दिसल्या, की मी खुर्ची मागे सरकवून आधी पाणी पितो. एका तारकेचे मला काही वाटत नाही आणि दोन तारका मी मान खाली घालून सोसतो. तीन तारका लिहिणाऱ्याला मात्र विषय एक तर फार चांगला कळलेला असतो किंवा अजिबात कळलेला नसतो, आणि यांतले नेमके काय झाले आहे याचा तपास करणे वाचणाऱ्याच्या गळ्यात पडते.

मूळ कल्पनेत भिण्यासारखे काहीच नाही. पॉइंटर हे एक साधे व्हेरिएबल, म्हणजे किंमत ठेवायची नाव दिलेली जागा, असून त्यात माहिती नसते, तर ती माहिती मेमरीत कुठे ठेवली आहे तो पत्ता असतो. 64 बिटांच्या नेहमीच्या यंत्रावर हा पत्ता 8 बाइट जागा घेतो, मग त्या पत्त्यावर एकुलते एक अक्षर राहत असो की लाखभर नोंदींची रांग. डबल पॉइंटर, म्हणजे दोन तारकांचा, हा या पत्त्याचा पत्ता. कपाट उघडावे तर आत वस्तूऐवजी दुसऱ्या कपाटाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी निघावी, तिथे जावे तर तिसऱ्या कपाटाची चिठ्ठी हाती यावी, असा तो प्रकार असतो. यातली एकही चिठ्ठी खोटे बोलत नाही, हेच जास्त चीड आणणारे आहे.

तरीही माझे खरे भांडण कल्पनेशी नसून तारकेशी आहे. घोषणा करताना, म्हणजे नाव पहिल्यांदा जाहीर करताना, तारका सांगते की हा पॉइंटर आहे. तोच पॉइंटर वापरताना तीच तारका सांगते की आता त्या पत्त्यावर जा आणि तिथे जे असेल ते घे. डेनिस रिची यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली, तेव्हा घोषणा ही वापरासारखीच दिसावी असे त्यामागचे तत्त्व होते. तत्त्व देखणे आहे, याबद्दल दुमत नाही. पण त्याच तत्त्वामुळे एका ओळीत एक तारका टाकून पी आणि क्यू अशी दोन नावे जाहीर केली, तर पॉइंटर होतो तो एकटा पी. क्यू बिचारा साधा पूर्णांकच राहतो. शिवाय गुणाकाराचे चिन्हही हीच तारका. कहर म्हणजे, एखाद्या संख्येला पॉइंटरमागच्या किमतीने भागताना मध्ये मोकळी जागा सोडली नाही, तर भागाकाराची तिरकी रेघ आणि तारका एकमेकींना चिकटतात, आणि कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा, तिथून पुढचा मजकूर टिप्पणी, म्हणजे माणसांसाठी लिहिलेला शेरा, समजून गिळायला लागतो.

हे सगळे असूनही दुसरी तारका टाळता येत नाही, ही खरी अडचण. समजा एक लिंक्ड लिस्ट आहे, म्हणजे जिच्यातली प्रत्येक नोंद, अर्थात नोड, पुढच्या नोडचा पत्ता सांभाळते अशी यादी; तिच्या पहिल्या नोडचा पत्ता माझ्याजवळ आहे आणि तो नोड काढून टाकण्याचे काम मी एका फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या ठरावीक काम करणाऱ्या तुकड्याला, दिले. सी भाषेत फंक्शनला नेहमी प्रतच मिळते, पॉइंटर दिला तरी पॉइंटरची प्रत. फंक्शन नोड इमानेइतबारे मोकळा करते, आपल्या जवळच्या प्रतीत पुढच्या नोडचा पत्ता लिहिते आणि कृतार्थ होऊन परत येते; माझ्याजवळचा पत्ता मात्र जुनाच, म्हणजे जिथे आता कायदेशीररीत्या कोणी राहत नाही अशा जागेचा. तो बदलून हवा असेल, तर पत्ता जिथे ठेवला आहे त्या जागेचाच पत्ता फंक्शनला द्यावा लागतो. दिला नाही, तरी प्रोग्रॅम लगेच कोसळत नाही, एवढा सरळपणा त्याच्याकडे नसतो. मोकळ्या केलेल्या जागेत जुनी माहिती काही काळ तशीच पडून राहू शकते, त्यामुळे सगळे सुरळीत चालल्यासारखे दिसते, आणि पुढे कधीतरी या प्रकाराशी सुतराम संबंध नसलेल्या ओळीवर सेगमेंटेशन फॉल्ट येतो, म्हणजे मेमरीत नको तिथे हात घातल्याबद्दल प्रोग्रॅम बंद पाडला जातो. मग चुका शोधायला मदत करणारा डीबगर उघडून पॉइंटरमध्ये काय आहे असे विचारावे, तर तो शून्य एक्सने सुरू होणारा लांबलचक सोळा-आधारी आकडा तोंडावर फेकतो. त्या आकड्याकडे बघून जागा जिवंत आहे की मोकळी, हे काही कळत नाही.

त्या मानाने नल पॉइंटर, म्हणजे कुठलाच पत्ता नसलेला पॉइंटर, सज्जन म्हणायचा. तो निदान बहुतेक वेळा जागच्या जागी कोसळतो. 1965 साली अल्गॉल डब्ल्यू या भाषेत नल रेफरन्स, म्हणजे त्याचाच भाऊबंद, आणणारे संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी पुढे 2009 मध्ये त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. जावा या दुसऱ्या भाषेचे भक्त आपल्या भाषेत पॉइंटरच नाहीत असे मोठ्या अभिमानाने सांगतात, आणि संध्याकाळपर्यंत नलपॉइंटरएक्सेप्शन या नल वापरल्यावर येणाऱ्या त्रुटीशी झुंजत बसलेले आढळतात.

मी एकदा सी भाषेचे अधिकृत प्रमाण उघडून या तारकांना काही मर्यादा आहे का ते पाहिले. मर्यादा आहे, पण ती कंपायलरसाठी, आणि तीही उलट्या दिशेने: एकाच घोषणेत पॉइंटर, ॲरे (नोंदींची रांग) आणि फंक्शन मिळून 12 पातळ्यांपर्यंत प्रत्येक कंपायलरने निमूटपणे पेलल्या पाहिजेत, त्यापुढे ज्याची त्याची हौस. बाराव्या तारकेपलीकडे नेमके काय ठेवायचे, याबद्दल मात्र त्या दस्तऐवजात अवाक्षरही नाही.