मॉर्गेज: यात मेलं कोण?

गृहकर्जाच्या कागदांत 'मॉर्टगेज' हा शब्द सापडतोच. आपण 'मॉर्गेज' म्हणतो, ते बरोबरच आहे. मधला 'ट' इंग्रजही उच्चारत नाहीत. शब्द जुन्या फ्रेंचमधला: 'मॉर' म्हणजे मेलेलं आणि 'गाज' म्हणजे तारण. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, पुढे तिथल्या कोर्टकचेऱ्यांत फ्रेंच घुसली आणि काही शतकं हलली नाही. गंमत म्हणजे खुद्द फ्रान्समध्ये आज घर गहाण ठेवण्याला 'इपोतेक' म्हणतात. (आपली 'एंगेजमेंट' याच 'गाज'ची नातलग, त्यावर विनोद तुम्ही करा.)

पण यात मेलं कोण? 15व्या शतकातला इंग्रज कायदेपंडित थॉमस लिटलटन सांगतो, पैसे फेडले नाहीत तर जमीन ऋणकोला मेली, फेडले तर तारण सावकाराला मेलं. ऐकायला झकास, पण मला हे मागाहून जुळवलेलं वाटतं. कारण 12व्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या, ग्लॅनव्हिल या इंग्रज न्यायाधीशाच्या नावावर चालणाऱ्या कायद्याच्या ग्रंथात हिशेब वेगळाच आहे. जमीन सावकाराच्या ताब्यात, पीकही त्याच्याच घरात. त्या पिकाची किंमत मुद्दलातून वळती होत असेल तर तारण जिवंत. सावकार पीक खातोय आणि मुद्दल जागच्या जागी, तर तारण मेलेलं. चर्चला व्याज निषिद्ध होतं, म्हणून व्याजाचं नाव न घेता पीक खायचं. ग्रंथकार याला सरळ व्याजखोरी म्हणतो, तरी कोर्टानं ते बंद केलं नव्हतं.

हे वाचून आपलं ताबेगहाण आठवलं नाही तर नवल. शेत सावकाराकडे, उत्पन्न व्याजापोटी त्याचंच, आणि मुद्दल द्याल तेव्हा शेत परत. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58 मध्ये दोन्ही सोयी आहेत: उत्पन्न व्याजापोटी धरा, नाहीतर मुद्दलापोटी. ग्लॅनव्हिलचं मेलेलं आणि जिवंत तारण तिथे एकाच वाक्यात नांदतंय.

आज आपण घरात राहतो, ताबा आपला. तरी प्रश्न तोच विचारावा असं माझं ठाम मत आहे: आपण देतो त्यातलं मुद्दलातून किती वळतं होतं? 30 लाखांचं कर्ज, 9 टक्के व्याज, 20 वर्षं मुदत. हप्ता बसतो सुमारे 27,000 रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले 22,500 नुसत्या व्याजात जातात, मुद्दलातून वळते होतात जेमतेम साडेचार हजार. बँकेतली मंडळी व्याजदर सांगतात, हप्ता सांगतात, हे आपणहून क्वचितच सांगतात. आपणही 'लोन झालं' म्हणून पेढे वाटतो. 'घर गहाण टाकलं' असं म्हणायची आपल्याला लाज वाटते ना!

ज्यांचं कर्ज चालू आहे त्यांनी बँकेकडून हप्त्यांचा पूर्ण तक्ता मागून घ्या. त्याला 'अमॉर्टायझेशन शेड्यूल' म्हणतात. त्यातही तोच 'मॉर' आहे, फक्त इथे मारायचं असतं कर्जाला. मुद्दलाचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा, आणि व्याजाला मागे टाकायला त्याला कितवं वर्ष उजाडतं ते बघा. वरच्या उदाहरणात तेरावं.